एक फोन अदिसचा, एक अस्माराचा

२२ मे १९९१

काल रात्री राजीव गांधी गेले. बॉम्बनं. सकाळपासून राजारामपुरीतली झाडून सगळी दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. हे शाहूपुरीला अडतीवर गेलेच नाहीत, रेडिओजवळ बसून होते. मी दोनदा रडले.

दहाच्या सुमाराला वरच्या खोलीतला योनास जिना उतरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. दोन वर्षं झाली तो आमच्याकडं भाड्यानं राहतो. इथिओपियाचा. शिष्यवृत्तीवर विद्यापीठात रसायनशास्त्राचं एम.एस्सी. करतो. मराठी आमच्या गल्लीत शिकला, त्यामुळं बोलतो तेही गल्लीतलंच. डोळे लाल होते. मला वाटलं ताप आलाय.

"काकू, आज तुमच्या घरात हसलं तर चालतंय काय?"

मला काही कळेना. मग त्यानं सांगितलं. त्यांचा हुकूमशहा काल विमानात बसून पळाला. योनास दहा वर्षांचा असताना त्याच माणसाच्या शिपायांनी त्याच्या वडलांना शाळेत शिकवता शिकवता उचललं होतं. ते परत आले नाहीत. आईनं याला एकटीनं वाढवलं.

"हस की बाबा," मी म्हटलं, "पण खिडकी लावून घे. सगळा देश सुतकात आहे, लोक काय म्हणतील."

तो वर गेला. खिडकी लावल्याचा आवाज आला. हसण्याचा आला नाही. बऱ्याच वेळानं रडण्याचा आला.

२९ मे १९९१

काल त्यांच्या राजधानीत, अदिस अबाबात, बंडवाल्यांच्या फौजा शिरल्या. आज योनासनं पेढे वाटले आणि गच्चीवर नाचून दाखवलं. त्यांच्याकडं पायांनी नाही, खांद्यांनी नाचतात. हे जिन्यात उभे राहून बघत होते.

"दोन फौजा हुत्या काका," योनास सांगत होता. "एक तिकडचीच, आणि एक माझ्या आईच्या मुलखातली, अस्माराकडची. दोघांनी मिळून पाडला. सख्ख्या भावांगत लढले."

"मग आता राजा कोण?" मी विचारलं.

"राजाच न्हाय आता, काकू!"

हे म्हणाले, "राजा न्हाय, मग बंदुका कुणाकडं हायत?"

"आपल्याच पोरांकडं की."

ह्यांनी पेढा तोंडात टाकला आणि खाली निघून गेले. कधीकधी ह्यांना कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही.

१८ ऑगस्ट १९९१

योनास गेला. जाताना ह्यांच्या पाया पडला, आपल्यासारखा. म्हणाला, तिकडं शिक्षक लागणार आहेत, सगळं नव्यानं उभं करायचंय. खोली झाडताना मला भिंतीवर पेन्सिलनं काढलेला नकाशा दिसला. पुसणार होते, पण राहू दिला.

२७ एप्रिल १९९३

संध्याकाळी अदिसहून फोन. मी ओळखलंच नाही, तो ओरडूनच बोलत होता. त्याच्या आईच्या मुलखाचा वेगळा देश होणार, एरिट्रिया. मतदानानं, एक गोळी न झाडता. अदिसमध्ये राहणाऱ्या तिकडच्या लोकांनाही मत देता आलं. आई नटूनथटून गेली, तिच्याबरोबर यानंही नाव नोंदवलं आणि मत दिलं.

"तू तर वडलांकडनं अदिसचा ना रे?"

"दोन्हीकडचा, काकू. आईला आनंद झाला की."

"मग आता तुझे देश दोन? जाणं-येणं कसं करायचं?"

"तुम्ही निपाणीला माहेरी जाता तसं. एष्टीत बसायचं आन जायचं."

खरंच आहे. माझं माहेर कर्नाटकात, सासर महाराष्ट्रात. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. मला कधी कुणी विचारलं नाही की तू कुठली.

१२ नोव्हेंबर १९९७

वरच्या खोलीत पुन्हा दिवा लागला. योनास पीएच.डी.साठी परत आला. पोट सुटलंय, केस मागं गेलेत. लग्न झालंय. बायको अल्माझ, ती अदिसचीच. मुलगी मेरोन, वर्षाची. फोटोत नुसते डोळेच दिसतात. आई त्यांच्याजवळच राहते, नातीला सांभाळते.

जेवताना हे म्हणाले, "काय, कसं चाललंय नव्या राज्यात?"

"चांगलं हाय काका. रस्ते झाले. वर्तमानपत्रं निघतात, पूर्वी एकच हुतं." मग जरा थांबून, "दोनतीन संपादक आत हायत. माझा एक मित्र बी. पण नवीन लोक हायत, डोंगरात राहून आलेत. चुकतील, शिकतील."

मला पटलं. नवी सून आली की दोन वर्षं भांडी फुटतातच. हे मात्र भात कालवत राहिले.

१५ मे १९९८

गेल्या आठवड्यात बादमे नावाच्या कुठल्याशा खेड्यावरनं त्या दोन देशांत गोळीबार झाला. योनासला हसू येतंय. "काकू, तिथं काय हाय सांगू? दगड, धूळ, आणि शेळ्या. दोन्हीकडची माणसं एका ताटात जेवलेली हायत. मिटवतील चार दिवसात."

तो रेडिओ मात्र आता बाथरूममध्येही घेऊन जातो.

३ जुलै १९९८

आज घरी अल्माझचा फोन आला. योनास विद्यापीठात गेलेला. माझं इंग्रजी मॅट्रिकचं, ती रडत बोलत होती. एवढंच कळलं, "मदर, पोलीस, बस." योनास आल्यावर त्यानं उलटा फोन लावला, तेव्हा सगळं समजलं.

पहाटे पोलीस आले. आईला म्हणाले, तू इथली नव्हेस, तू त्या दुसऱ्या देशाची. पुरावा? तू मत दिलंस. चाळीस वर्षं अदिसमध्ये राहिलेली बाई अंगावरच्या पांढऱ्या शालीनिशी बसमध्ये घातली आणि सरहद्दीकडं पाठवली. मेरोनला आजीच्या कडेवरून काढून अल्माझकडं दिलं. अल्माझला विचारलं, नवरा कुठाय? त्याचंही नाव आहे आमच्याकडं.

मी म्हटलं, "पण मत तर सरकारनंच द्यायला सांगितलं होतं ना?"

योनास जिन्याच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, "व्हय."

नंतर तो तिथनं उठलाच नाही. मी दोनदा जेवायला हाक मारली.

११ सप्टेंबर १९९८

तो दिल्लीहून परत आला. इथिओपियाच्या वकिलातीत पासपोर्टची मुदत वाढवायला गेला होता. वाढवली नाहीच, ठेवून घेतला. तुम्ही आमचे नव्हे, म्हणाले. शिष्यवृत्तीही थांबली. आता पोलीस ठाण्यात नोंदणीला काय दाखवायचं?

हे त्याला घेऊन पेठ वडगावच्या गणपतरावांकडं गेले. गणपतरावांचं मुंबईपर्यंत वजन आहे, बदल्या करून आणतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "महांतेशअण्णा, तुमच्या शब्दाखातर मी रात्रीत ट्रान्सफॉर्मर बसवून देईन. पण ह्या पावण्याचा देशच जाग्यावर न्हाय, तर मी अर्ज लिवू कुणाला?"

हे घरी येऊन बराच वेळ चप्पल न काढता बसले.

१ नोव्हेंबर १९९८

अस्माराच्या लोकांनी कागद दिला. लगेच दिला. तुम्ही आमचेच, या. आई तिथं एका शाळेच्या खोलीत चार बायकांबरोबर आहे, गुडघे धरलेत.

योनास आज दिवसभर वर-खाली करत होता. शेवटी मला म्हणाला, "काकू, तिकडं गेलो तर अल्माझकडं जायची वाट बंद. न्हाय गेलो तर आई. तुम्ही सांगा."

मी काय सांगणार? जे कुठलीही आई सांगेल ते सांगितलं. "आईकडं जा. बायको तरणी आहे, तिचे भाऊ आहेत. भांडण काय जन्मभर चालणार नाही."

ह्यांनी विचारलं, "तिकडं गेल्यावर तुला बंदूक तर देणार न्हाईत न्हवं?"

"मी मास्तर हाय की, काका."

"तसं न्हवं. इचारलं."

८ नोव्हेंबर १९९८

संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला गेला. पीएच.डी. अर्धी. त्याच्या सरांनी स्टेशनवर येऊन त्याला घट्ट मिठी मारली. मी चटणी आणि भाकरी बांधून दिली. एवढंच करता आलं.

१० जानेवारी १९९९

योनासचा अस्माराहून फोन. आई भेटली, बरी आहे. पण अदिसला फोन लागत नाही. लाईनच तोडली आहे. पत्रं नाहीत, बस नाही, विमान नाही. जगात कुठंही फोन लागतो, फक्त एकमेकांना लागत नाही.

"काकू, तुम्ही अल्माझला सांगाल काय, मी पोचलो म्हणून?"

मग मी अदिसला लावला. सांगितलं. "युवर हजबंड गुड. मदर गुड. ईटिंग गुड." तिनं पलीकडं मेरोनला ओरडून काहीतरी सांगितलं.

३१ जानेवारी १९९९

आजचं लिहून ठेवलंच पाहिजे.

घरी फोन एकच, म्हणून ठरवलं की दोघांनी रविवारी दुपारी कोपऱ्यावरच्या जोतीरामच्या एसटीडी बूथमध्ये फोन करायचा. त्याच्याकडं दोन लाईनी आहेत. दोघं एकाच वेळी लागले तर मी याचं ऐकून तिला सांगायचं, तिचं ऐकून याला.

दोन्ही फोन वाजले. पण योनास इंग्रजीतनं काय काय सांगायला लागला, मला निम्मं कळेना, आणि अल्माझ दुसऱ्या कानात "काकू, काकू, व्हॉट ही सेज?" काकू हे तिला माझं नावच वाटतं. मी गोंधळले. शेवटी काय सुचलं कोण जाणे, दोन्ही रिसीव्हर उलटसुलट करून एकमेकांवर धरले. याचं तोंड त्याच्या कानाला, त्याचं याच्या.

क्षणभर काही नाही. मग आतनं बारीक, मुंग्या चालाव्यात तसा आवाज यायला लागला. दोन आवाज. एक बाईचा, एक बाप्याचा. ते बोलत होते. त्यांच्या भाषेत, थेट.

जोतीराम बघतच राहिला. "आयला काकू! दोन देशांचं सरकार जमवंना, ते तुमी जमीवलं की!" मग त्यानं रिसीव्हरांना रबर लावलं.

मी बाहेर बाकावर बसले. नवरा-बायकोचं बोलणं, भाषा कळत नसली तरी ऐकू नये.

२१ फेब्रुवारी १९९९

आज फक्त अल्माझचा फोन वाजला. योनासचा नाही. लढाई पुन्हा पेटली आहे. गेल्या रविवारी तो म्हणाला होता की मास्तर, कारकून सगळ्यांनाच फौजेत बोलावलंय. तिला हे त्यानं सांगितलं का, मला माहीत नाही. मी सांगितलं, "लाईन बॅड."

६ जून १९९९

अजून नाही. अल्माझची नोकरी गेली. ऑफिसात म्हणाले, शत्रूची बायको. ती भावाच्या घरी राहते, तोही फौजेत आहे, म्हणून तेवढी तरी सोय. मी दर रविवारी बूथवर जाते. हे म्हणतात, "कशाला जातीस? आला तर आपल्या घरी करंलच की." तरी दुपारी माझी छत्री तेच काढून देतात.

२७ जुलै २०००

लढाई थांबली म्हणतात. आज अल्माझचा घरी फोन आला. भाऊ गेला. फौजेत होता तो, देरेजे. गेला मागच्या वर्षीच, मार्चमध्ये, कळवलं आत्ता. प्रेत नाही. योनासचा फोन आला तर त्याला सांगा म्हणाली. दोघं कॉलेजातले मित्र. देरेजेनंच लग्न जुळवलं होतं.

६ ऑगस्ट २०००

योनास! दीड वर्षानं! जिवंत आहे, आघाडीवरनं परत आलाय. त्याचा आवाज म्हाताऱ्या माणसासारखा झालाय, मराठीचे शब्द शोधावे लागत होते. मी आनंदानं रडले, जोतीरामनं बाहेर जाऊन गल्लीला सांगितलं. अल्माझला अजून काहीच माहीत नव्हतं, त्यामुळं दुसरा फोन शांतच होता.

मग मला देरेजेचं सांगावं लागलं. मग त्यानं विचारलं, "कुठल्या आघाडीवर?"

अल्माझनं नाव सांगितलं होतं, मी लिहून ठेवलं होतं. "त्सोरोना. गेल्या वर्षीचा मार्च."

पुढं कितीतरी वेळ नुसता श्वास. मी हॅलो हॅलो करत होते. मग त्यानं फोन ठेवला. मित्राचं दुःख फार झालं असणार.

८ ऑगस्ट २०००

अल्माझला फोन करून आनंदाची बातमी दिली. ती ओरडलीच. मग विचारलं, देरेजेचं सांगितलंत? काय म्हणाला? मी सांगितलं, फार वाईट वाटलं त्याला. कुठल्या आघाडीवर म्हणून विचारलं, मी त्सोरोना सांगितलं, मग त्याला बोलवेचना.

तिनं माझ्याकडनं तो प्रश्न पुन्हा एकदा वदवून घेतला. "ही आस्क्ड विच फ्रंट?" मी म्हटलं, हो. तिनं थँक यू म्हटलं.

८ ऑक्टोबर २०००

आता उलटं झालंय. योनासचा फोन दर रविवारी येतो. अल्माझचा येत नाही. आम्ही लावला की कुणीतरी उचलतं आणि ती घरी नाही म्हणतं. आज मी ह्यांना म्हटलं, हिला एवढा राग कसला आलाय? नवरा जिवंत परत आला की हिचा.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुला खरंच कळलं न्हाय?"

"काय?"

"काय न्हाय," म्हणाले, आणि अंगणात जाऊन उगाच झाडांना पाणी घालत बसले. सकाळीच घातलं होतं.

१७ डिसेंबर २०००

तह झाला. दोन्हीकडच्या बड्यांनी परदेशात बसून सह्या केल्या. आणि आज अल्माझचाही फोन वाजला! मी रिसीव्हर जोडले, जोतीरामनं रबर लावलं. बराच वेळ आतनं काहीच आवाज नव्हता. मग त्याचा. मग तिचा, रडण्याचा. मग लहान मुलीचा, मेरोनचा. चार वर्षांची झाली, बापाला काहीतरी गाणं म्हणून दाखवत होती.

तह झाला तरी लाईन जोडलेली नाही. जोतीराम म्हणाला, "बरंच की काकू, न्हायतर आपल्याला कोण इचारतंय." मग स्वतःच म्हणाला, "तसं न्हवं. जोडू देत."

२ सप्टेंबर २००१

सगळं वर्ष रविवार पाळलाय. आज फोन जोडण्याआधी योनास माझ्याशी बोलला. तो आता कॉलेजात शिकवतो. पण त्याच्या विद्यार्थ्यांना सरकारनं उन्हाळ्यात ट्रकमध्ये घालून वाळवंटात कामाला नेलंय, नको म्हणणाऱ्यांना आधी. तिकडं दोनचार वर्तमानपत्रं निघतात, त्यातल्या एकात यानं लिहिलंय.

"काय लिहिलंस?"

"जास्त न्हाय काकू. मत देऊन देश केला. मग मत द्यायला परत कधी मिळणार, येवढंच इचारलं."

"नावानिशी?"

"नावानिशी. माझ्या बापानं बी नावानिशीच शिकवलं हुतं."

मला ते बोलणं आवडलं. ह्यांना सांगितलं तर ह्यांनी हातातलं ताट बाजूला सारलं.

२३ सप्टेंबर २००१

अल्माझचा वाजला. अस्माराचा नाही. टीव्हीवर सगळीकडं अमेरिकेतल्या इमारती. अस्मारात काय झालं हे कुणीच सांगत नाही.

७ ऑक्टोबर २००१

आज अल्माझ लाईनवर असतानाच अस्माराचा फोन वाजला. मी धावतच उचलला. म्हातारी बाई. योनासची आई. तिला ना इंग्रजी येतं ना मराठी. फक्त "योनास, योनास" कळत होतं. मी रिसीव्हर जोडले. ती चाळीस वर्षं अदिसला राहिलेली, सुनेची भाषा तिला येते. दोघी बोलल्या. या वेळी मी बाकावर गेले नाही, तिथंच रबरावर हात ठेवून उभी राहिले.

आधी म्हातारी बोलली, पुष्कळ. मग अल्माझचा एकच शब्द, पुन्हा पुन्हा. मग म्हातारीनं ठेवला.

अल्माझनं मला इंग्रजीत सांगितलं. वर्तमानपत्रं सगळी एका दिवसात बंद. लिहिणारे उचलले. त्याला वर्गातनंच नेलं. कुठं, ते सांगत नाहीत. आईला म्हणाले, विचारायला पुन्हा येऊ नकोस. खटला नाही, तारीख नाही. आणि नेणारे कोण? शिपाई नव्हेत ते, पूर्वी डोंगरात लढलेले, ज्यांच्यासाठी या म्हातारीनं अदिसमध्ये चोरून पैसे गोळा केले होते, तेच.

मी म्हटलं, "आय ॲम सॉरी." दुसरं इंग्रजी मला येत नाही. मराठीतही आलं नसतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. मी म्हटलं, "मीच त्याला आईकडं जा म्हटलं."

"तू न्हाय म्हटलं असतंस तर गेला नसता व्हय?" एवढंच म्हणाले. मग कितीतरी वेळ नखानं टेबलावरचा डाग खरवडत बसले.

२० जानेवारी २००२

आईचा फोन पुन्हा आला नाही. आम्ही लावला की वाजत राहतो. हे आणि त्याचे विद्यापीठातले सर मिळून कुठंकुठं पत्रं पाठवतात. जिनिव्हाच्या मानवी हक्कांच्या कचेरीतनं छापील उत्तर आलं, आपल्या भावनांची नोंद घेतली आहे.

१० एप्रिल २००३

काल टीव्हीवर बगदाद दाखवलं. चौकातला मोठा पुतळा दोर लावून पाडला, लोक चपलांनी बडवत होते. माझी मुलगी सौंदर्या बाळंतपणाला आलीय, ती म्हणाली, "अव्वा, बघ की, किती खूश आहेत."

एक तरुण पोरगा पुतळ्याच्या डोक्यावर बसून हसत होता. मोठ्यानं, तोंड उघडून. मी त्याच्याकडंच बघत होते. ह्यांनी टीव्ही बंद केला. सौंदर्या चिडली, पण मला तेव्हा बरं वाटलं.

१३ एप्रिल २००३

अल्माझचा फोन अजून येतो. दर रविवारी नाही, महिन्यातनं एकदा. बोलण्यासारखं काही नसतं, तरी करते. अदिसहून अस्माराला लाईन अजून जोडलेली नाही.

आज मेरोन फोनवर आली. सहा वर्षांची झाली, शाळेत जाते. ती आईला काहीतरी सांगत होती, हट्टानं. अल्माझ नको नको म्हणत होती. शेवटी अल्माझनं मला सांगितलं, "काकू, ती म्हणते दुसरा फोन लावा. पूर्वीसारखा. तिला वडलांना शाळेतलं सांगायचंय."

मी म्हटलं, "पण तिकडं कोणी..."

"मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. ती म्हणते तरी लावा."

मी दुसरा रिसीव्हर उचलला. डायल टोन येत होता. दोन्ही एकमेकांवर धरले. आतनं तिचा बारीक आवाज सुरू झाला, न थांबता, आणि खाली टोनचा तो सपाट आवाज.

नंबर लावला नाही तर थोड्या वेळानं टोन तुटतो आणि नुसतं टूं टूं सुरू होतं. तसं व्हायच्या आत जोतीराम बोटानं फोनची कळ दाबायचा, सोडायचा. टोन पुन्हा यायचा. दोन माणसं बूथबाहेर ताटकळत उभी होती, एकानं काचेवर टकटक केली. जोतीरामनं मान वर केली नाही. मेरोनचं बोलून होईपर्यंत तो कळ दाबत राहिला, सोडत राहिला.